टोपलीत बसलेलं पिल्लू

उजवा कोपर डाव्या गुडघ्याला, मग डावा उजव्याला. बालवाडीतल्या मुलांनी रोज हे केलं की 'डावा आणि उजवा मेंदू जोडला जातो' आणि अभ्यास झरझर होतो, असं सांगणारा व्हिडिओ गेल्या आठवड्यात मला तिघांनी पाठवला. अहो, हे दोन भाग जोडायला कॉर्पस कॅलोसम नावाचा सुमारे २० कोटी तंतूंचा जाडजूड पट्टा आधीपासूनच असतो. गुडघा कधी वर येतोय याची वाट बघत तो बसलेला नसतो. व्यायाम करा की खुशाल, त्याला विज्ञानाचा मुलामा कशाला?

हालचाल आणि शिकणं यांचं खरं नातं या थापेपेक्षा कितीतरी रंजक आहे.

१९६३ साली रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन या मानसशास्त्रज्ञांनी अंधारात वाढवलेल्या मांजरीच्या पिल्लांच्या जोड्या घेतल्या. मधल्या खांबाभोवती फिरणारा आडवा दांडा. एका टोकाला जुंपलेलं पिल्लू स्वतःच्या पायांनी चालायचं, दुसऱ्या टोकाचं टोपलीत बसून आयतं फिरायचं. उजेडात रोज तीन तास हेच. भिंतीवरचे पट्टे दोघांना सारखेच दिसत. मग चाचणी: मधे फळी, दोन्ही बाजूंना काच, एकीकडे काचेखाली तळ जवळ, दुसरीकडे खूप खोल. चालणारं पिल्लू खोल बाजू टाळून उथळ बाजूला उतरायचं. टोपलीतल्याला मात्र दोन्ही बाजू सारख्याच. जमिनीजवळ नेलं तरी ते पंजा पुढे करेना. (मोकळं सोडल्यावर दोन दिवसांत तीही पिल्लं सुधारली, हे वाचून माझा जीव भांड्यात पडला.)

असं का व्हावं? मेंदू स्नायूंना हुकूम सोडतो तेव्हा त्याची कार्बन कॉपी स्वतःच्या दप्तरी ठेवतो. शास्त्रीय नाव इफरन्स कॉपी. एक डोळा मिटा आणि दुसऱ्याचा बाहेरचा कोपरा पापणीवरून बोटाने अगदी हलकेच दाबा. खोली हलते! तोच डोळा आपणहून फिरवला तर डोळ्यातल्या पडद्यावरची प्रतिमा तशीच सरकते, पण खोली जागची हलत नाही. कारण या वेळी डोळ्याच्या स्नायूंना दिलेल्या हुकमाची प्रत मेंदूपाशी असते आणि काय दिसणार याचा अंदाज त्याने आधीच बांधलेला असतो. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत फरक पडला की पुढचा हुकूम सुधारायचा. या हिशेबात मोठा वाटा लहान मेंदूचा, आणि आपल्या सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी जवळपास ६,९०० कोटी तिथेच दाटीवाटीने बसल्यात! टोपलीतल्या पिल्लाकडे चित्र होतं, पण ताडून बघायला स्वतःचा हुकूमच नव्हता.

म्हणून नुसत्या उड्या मारून बेरीज येत नाही. जे शिकायचं तेच हालचालीत असावं लागतं. २०११ च्या एका प्रयोगात बालवर्गातली मुलं एखादी संख्या दिलेल्या दुसऱ्या संख्येपेक्षा लहान की मोठी हे डान्स मॅटवर डावीकडे किंवा उजवीकडे पाऊल टाकून सांगत. संख्यारेषेवर संख्येची जागा ओळखण्यात ती टॅबलेटवर सराव केल्यानंतरपेक्षा जास्त सुधारली.

मॅट नको, खडू पुरे. पाच वर्षांच्या भाचीसाठी मी ० ते १० अशा चौकटी आखल्या. "३ वर उभी राहा आणि ४ पुढे जा." तिने उभ्या चौकटीलाच "एक" म्हटलं आणि ६ वर पोचली. बोटांवर मोजलं तर ७. खाली बघितलं, तर पाय ६ वर. परत ३ वर गेली, तरी ६. तिसऱ्या खेपेला ती ३ वर थांबली, पाय आपटून "शून्य!" ओरडली आणि मग चालू लागली.