हॅरी पॉटरमधला अवाढव्य हॅग्रिड नुसता कॉम्प्युटरने मोठा केलाय का?

"फँटसी सिनेमात नट हिरव्या पडद्यासमोर उभे राहतात, बाकी सगळं कॉम्प्युटर करतो", असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. असं वाटणं साहजिक आहे. हिरवा पडदा असतोच, झाडूवरच्या उड्डाणांना तर लागतोच. पण 'सगळं' हा शब्द चुकीचा आहे.

हॅरी पॉटरचे आठ चित्रपट (२००१ ते २०११) घ्या. हॅग्रिड झालेला नट उंच होता, पण राक्षसाएवढा नाही. म्हणून त्याच्या झोपडीचे दोन सेट बांधले. छोट्या सेटमध्ये तो अवाढव्य दिसायचा, मोठ्यात मुलं चिमुकली. लांबच्या काही दृश्यांत त्याच्या जागी जवळपास सात फुटी माजी रग्बीपटू असायचा, डोक्यावर हॅग्रिडच्या चेहऱ्याचा यांत्रिक मुखवटा चढवून. (त्या उकाड्याची कल्पनाच करवत नाही!)

पडताळायचं कसं? झोपडीतला प्रसंग मध्येच थांबवा. हॅग्रिड आणि मुलं एकाच चौकटीत आहेत का, आणि दोघांचे चेहरे एकदम दिसतात का, ते पाहा. नसतील, तर तिथे दोन सेटची किंवा बदली माणसाची युक्ती असू शकते.

कॉम्प्युटरशिवाय उंची कशी फसवते तेही घरी कळेल. मोबाइलपासून एकाला तीन फुटांवर, दुसऱ्याला दहा फुटांवर उभं करा आणि फोटो काढा. पाय मात्र फ्रेमबाहेर ठेवा, नाहीतर बिंग फुटेल.