तरोटा कोणता अन् कासविंदा कोणता, खुडायच्या आधी बघून घ्या

मिरगाचा पाऊस पडला की आठ-पंधरा दिवसांत आमच्या बालाघाटात बांधाला, गायरानाला, रस्त्याच्या कडेला तरोटा नुसता दाटून येतो. कोकणात ह्यालाच टाकळा म्हणतात. कोवळा पाला उकडून पिळून घ्यायचा, कांदा-लसूण अन् भिजवलेली हरभऱ्याची डाळ टाकून परतायचा, सोबत ज्वारीची भाकर. पण त्याच बांधावर त्याचा भाऊबंद कासविंदापण उगवतो, काहीजण त्याला रानटाकळा म्हणतात अन् नावामुळंच अर्धा घोळ होतो.

गेल्या पावसाळ्यात चुलतभाऊ पुण्याहून आला होता, त्यानं मोठ्या हौसेनं पिशवीभर पाला खुडून आणला. आई निवडायला बसली अन् दोन मिनिटांत चार-पाच डहाळ्या बाजूला काढल्या, म्हणली, "हे कासविंदा हाय बाबा, ह्याला टोकं बघ की." खरंच, एकदा टोक दिसलं की मग दिसतच राहतं.

तरोट्याच्या एका देठावर बहुतेक तीन जोड्या पानं असतात, पुढं रुंद अन् गोल, थेट भुईमुगाच्या पाल्यासारखी. कासविंद्याला चार ते सहा जोड्या, अन् पान लांबट, शेंड्याला टोकदार. फक्त अगदी बारकं रोप असताना कासविंद्याच्या पहिल्या पानांवर जोड्या कमी असतात, म्हणून नुसतं मोजण्यावर जाऊ नका, आधी टोक बघा. तरीबी शंका राहिली तर देठ बोटात धरून निरखा. कासविंद्याच्या देठाच्या बुडाशी, खोडाला चिकटतो तिथंच, मोहरीएवढी काळपट गाठ असते. तरोट्याला बुडाशी काही नसतं, त्याची बारीक टोकदार गाठ वर, खालच्या जोडीच्या दोन पानांमधी असते. ही खूण मला सगळ्यात पक्की वाटते.

वासावर तर बिलकूल जाऊ नका, चुरगाळल्यावर दोन्ही उग्रच वास मारतात, फुलंबी दोन्हीची पिवळीच. अन् दिवस मावळताना खुडायला जाऊ नका, तरोट्याची पानं तव्हा मिटतात, मग काय ओळखणार?

शेंगा आल्यावर मात्र लांबूनच कळतं. तरोट्याची शेंग बारीक, वीतभर लांब, विळ्यासारखी वाकलेली. कासविंद्याची चपटी, त्याहून रुंद, मधी तपकिरी अन् कडेला फिकट पट्टी, अन् झाड माणसाच्या छातीपर्यंत, कधी त्याच्याबी वर जातं. (तरवड हे अजून तिसरंच झुडूप, नवरात्रात घटाला ज्याच्या फुलांची माळ घालतो ते, त्याला ह्यात मिसळू नका.)

एवढं बारीक का सांगतोय, तर कासविंद्याचं बी विषारी आहे अन् सगळ्यात जास्त धोका लेकरांना. पश्चिम उत्तर प्रदेशात बिजनोर, सहारनपूरकडं कित्येक वर्षं पावसाळा सरता सरता लहान लेकरं अचानक आजारी पडून दगावायची, आधी सगळ्यांना मेंदूज्वर वाटला, मग डॉक्टरांनी शोध घेतला तर लेकरांनी खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगा खाल्लेल्या निघाल्या. 2016 मधी ओडिशातल्या मलकानगिरीतबी असंच झालं, तिथं जपानी मेंदूज्वराच्या जोडीला ह्या झाडाचं नाव पुढं आलं, तिकडं ह्याला बडा चकुंडा म्हणतात. हे विष लिव्हर, स्नायू अन् मेंदू तिन्हीवर जातं. आधी उलट्या, मग लेकरू बरळतं, झापड येते, बेशुद्ध पडतं. ह्याच्यावर उतारा असं औषध नाही, म्हणून घरगुती उपायात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा अन् ती शेंग, जमलं तर डहाळीबी, डॉक्टरला दाखवायला सोबत न्या.

काही भागात कासविंद्याचा कोवळा पाला शिजवून खातात हे मला माहीत आहे. पण बांध भरून तरोटा असताना त्याच्या वाटेला कशाला जायचं, आमच्या घरी तरी तो येत नाही.

अंगणवाडीच्या, शाळेच्या कुंपणाला कासविंदा दिसला तर शेंगा धरायच्या आत उपटा. पावसानं जमीन ओली असते तव्हा मुळासकट सहज निघतो. अन् वाळल्या शेंगा लागलेल्या असतील तर आधी त्या पिशवीत तोडून घ्या, नाहीतर ओढताना बी तिथंच सांडतं अन् पुढच्या मिरगाला परत उगवतं.