दम आधी येतो, पाय मागून

ऑगस्टमधली पहाट. पुण्याच्या रेसकोर्सवर रात्रभर झिमझिम पाऊस पडून गेलाय, तबेल्यात दिवे लागलेत. सईस, म्हणजे घोड्याची निगा राखणारा माणूस, घोड्यापाशी उकिडवा बसतो आणि त्याच्या पुढच्या पायाच्या मागच्या बाजूने, गुडघ्यापासून खाली, सावकाश तळहात फिरवतो. नजर त्या वेळी भलतीकडेच असते. आधी डावा पाय, मग उजवा, मग पुन्हा डावा. तो ऊब शोधत असतो. एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित जास्त गरम लागला, दोरीसारख्या ताठ शिरेवर मुगाच्या दाण्याएवढा फुगवटा बोटाला लागला, तर त्या दिवशीची रपेट रद्द होऊ शकते. पाय गार आणि स्वच्छ लागला की तो उठतो, खरारा हातात घेतो आणि दिवस सुरू होतो.

ज्याला आपण बोलीत शीर म्हणतो ती खरं तर कंडरा, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. घोड्याच्या पायात गुडघ्याखाली स्नायू जवळपास नसतातच. हाड, कंडरा, अस्थिबंध आणि कातडी, एवढंच. स्नायूंचं वजन वर, धडाजवळ राहिल्यामुळे खालचा पाय हलका होतो आणि झपाझप पुढे फेकता येतो. साडेचारशे ते पाचशे किलोंचं जनावर ताशी 60 किलोमीटरने पळतं त्याचं एक मोठं कारण हेच. त्याची किंमतही हाच पाय मोजतो. भरधाव पळताना एकेका पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, म्हणजे हजार किलोंच्या वर.

घोड्याचा दम मात्र थक्क करणारा आहे. विश्रांतीत त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला 30 ते 40 असतात, शर्यतीत ते 220 च्याही पुढे जातात. आपल्या पोटात असते तशी त्याच्याही पोटात प्लीहा असते, जिला आपण पाणथरी म्हणतो. घोड्याच्या पाणथरीत तांबड्या पेशींचा मोठा साठा असतो. तो धावायला लागला की ती आकसते आणि हा साठा रक्तात ओतते. एरवी 40 टक्क्यांच्या आसपास असलेलं तांबड्या पेशींचं प्रमाण मग 60 टक्क्यांच्या वर जातं. प्राणवायू वाहून नेणारी कुमक त्याच्या पोटातच तयार असते!

सरावाने हे सगळं झपाट्याने सुधारतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच शरीरातलं रक्त वाढतं आणि घोडा पूर्वीच्याच वेगाला कमी धापा टाकतो. घड्याळ धरून उभ्या असलेल्या ट्रेनरला वेळ सुधारलेली दिसते. घोडा लगाम ओढतो, त्याला पळायचं असतं. सगळ्यांनाच वाटतं, झाला तयार.

पण हाडांचं वेळापत्रक वेगळं असतं. हाड जिवंत असतं. भार पडला की जुना, थकलेला भाग आधी पोखरून काढला जातो आणि मग तिथे नवं हाड भरलं जातं. पोखरणं लवकर होतं, भरायला महिने लागतात. मधल्या काळात ते हाड आधीपेक्षा कमकुवत असतं, आणि नेमका त्याच काळात घोडा दमाने भरलेला असतो. लांबच्या विश्रांतीनंतर परतलेल्या घोड्यांत हाडाला भेगा पडण्याचा धोका वाढतो तो याच फटीमुळे. मला वाटतं, तबेल्यातलं सगळं शहाणपण ही फट ओळखण्यात आहे.

दोन वर्षांच्या घोड्यांत तर नळीच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या लांब हाडाचा पुढचा भाग बऱ्याचदा दुखरा होतो. नुसता बोटाने दाबला तरी घोडा पाय आखडतो. पूर्वी यावर उपाय म्हणजे लांबवर, संथ पळवत राहणं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले पशुशल्यविशारद डेव्हिड नुनामेकर यांनी या हाडांचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा वेगळंच दिसलं. संथ चालीत आणि भरधाव वेगात हाडावर येणाऱ्या ताणाची दिशाच वेगवेगळी असते. मैलोन्‌मैल संथ पळवलं तर हाड संथ चालीसाठीच घडतं. शर्यतीसाठी ते घडवायचं तर शर्यतीच्या वेगाची अगदी छोटी, मोजकी धाव हवी, आणि ती वाढवायची हळूहळू. आठवड्यातून काही वेळा थोडंसंच अंतर जोरात, बाकीचे दिवस हलकं काम, ही पद्धत ज्या तबेल्यांनी मनापासून पाळली त्यांच्या घोड्यांच्या नळ्या कमी दुखल्या.

कंडरेचं दुखणं त्याहून अवघड. पुढच्या पायामागची वरवरची कंडरा रबरासारखी ताणली जाते आणि परत येते. पळण्याची बरीच ताकद त्या परत येण्यातून वाचते. पण प्रत्येक ताणात थोडी ऊर्जा उष्णता होऊन आतच राहते. पळत्या घोड्यांच्या कंडरेच्या गाभ्यात 45 अंश सेल्सिअस तापमान मोजलं गेलं आहे. आतले धागे असे दिवसेंदिवस भाजत, झिजत असतात, आणि वयात आलेल्या घोड्याची कंडरा सरावाने फारशी मजबूत होत नाही. फाटलीच, तर भरून येते ती व्रणासारखी, कमी लवचीक. हंगाम संपतो, कधी कधी घोड्याची शर्यतच संपते.

म्हणून रपेटीनंतर पायांवर गार पाण्याची धार बराच वेळ सोडली जाते. पुण्याचा हंगाम पावसाळ्यातला, साधारण जुलै ते ऑक्टोबर. मग मुक्काम मुंबईला, महालक्ष्मीला, एप्रिलपर्यंत. पुण्यात हिरवळ पावसाने मऊ होते. ती किती मऊ आहे हे मोजायला एक वजनदार दांडा ठरावीक उंचीवरून सोडतात आणि तो जमिनीत किती रुतला ते पाहतात. फार कडक जमीन हाडाला मारक, फार चिखल कंडरेला.

मुंबईत त्रास घामाचा. घोड्याच्या घामात लॅथरिन नावाचं प्रथिन असतं. त्यामुळे घाम केसांवर चटकन पसरतो, फेस धरतो आणि वाऱ्याने उडून अंग गार करतो. त्याचा घाम रक्तापेक्षाही खारट असल्याने नुसतं पाणी पाजून भागत नाही, दाण्यात मीठ द्यावं लागतं. दमट हवेत काही घोड्यांचं घाम येणंच बंद पडतं. अंगावर कोरडी, खरखरीत लव आणि धापा थांबत नाहीत, असा घोडा दिसला की त्याला पळवणं थांबवायचं.

दुपारी तबेला शांत होतो. घोड्याचं जठर अंगाच्या मानाने लहान आणि त्यात आम्ल सतत पाझरत असतं, खाणं असो वा नसो. त्यामुळे ओट्सचे थोडेथोडे वाटे आणि पुढ्यात सुकं गवत किंवा लसूणघास सतत हवी. नाहीतर जठराला व्रण होतात. शर्यतीच्या घोड्यांत ते फार आढळतात. दाणा उरलेला दिसला, तर सईसाला पहिली शंका पोटाची येते.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी महालक्ष्मीला चार वर्षांच्या घोड्यांची इंडियन डर्बी होते, 2400 मीटरची. ती शर्यत 1943 पासून चालत आली आहे. करंडक उंचावताना मालक, ट्रेनर आणि जॉकी दिसतात. ज्याच्या तळहाताने त्या घोड्याचे पाय हंगामभर राखले, त्याचं नाव छापून यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी तो पुन्हा उकिडवा बसतो. डावा पाय, उजवा पाय, पुन्हा डावा. दिवसभर उभं राहिल्यावर पायात उतरलेली साधी सूज दोन्हीकडे सारखी असते आणि चाललं की ओसरते. एकाच पायाला असेल, तर तो उठून ट्रेनरला हाक मारतो.