ऊर्वस्थि-ग्रीवाभंग (वृद्धापकाळातील)

मांडीच्या हाडाचा (ऊर्वस्थीचा) खुब्यात बसणारा गोळा आणि दांडा यांना जोडणारा आखूड, तिरपा भाग म्हणजे ग्रीवा. तिचा भंग प्रामुख्याने साठीनंतर आढळतो. रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांत न्हाणीघरात घसरून पडण्याइतके निमित्तही त्यास पुरते. पाय आखूड होऊन बाहेर वळतो. भंगाची टोके एकमेकांत रुतली असल्यास मात्र रुग्ण काही दिवस चालतही राहतो आणि निदान लांबते.

हा भंग सांधण्यास अवघड का, याचे उत्तर रक्तपुरवठ्यात आहे. प्रौढांत गोळ्याला मिळणारे बहुतेक रक्त मध्य परिवेष्टी ऊर्वी रोहिणीच्या (मांडीतील एका धमनीच्या), ग्रीवेला चिकटून वर जाणाऱ्या बारीक शाखांतून येते. ग्रीवा सरकली की त्या तुटतात वा पिळल्या जातात आणि गोळा मृत होण्याचा धोका उद्भवतो. शिवाय ग्रीवा सांध्याच्या कोशात (त्याला वेढणाऱ्या आवरणात) असल्याने अन्य हाडांप्रमाणे तिच्याभोवती बाहेरून नवे हाड धरत नाही.

सुश्रुतसंहितेत मांडी व पोटरीच्या भंगासाठी कपाटशयन, म्हणजे रुग्णाला फळीवर निजवून पाच खुंट्यांच्या आधारे अवयव बांधून ठेवणे, सांगितले आहे. सांधा स्थिर होण्यास तरुणपणी एक महिना, मध्यम वयात दुप्पट आणि उतारवयात तिप्पट काळ लागतो, असेही निरीक्षण तेथे आहे. ग्रंथाचा काळ काही अभ्यासक इ. स. पू. सहाव्या शतकाइतका मागे नेतात. उपलब्ध पाठावरील संस्कार पाहता त्याचे आजचे रूप इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील मानणे अधिक सयुक्तिक वाटते. युरोपात ग्रीवाभंगाच्या पहिल्या वर्णनाचे श्रेय सामान्यतः फ्रेंच शल्यचिकित्सक आंब्रवाझ पारे (सोळावे शतक) यांना देतात. कोशाच्या आतील व बाहेरील भंग वेगळे काढून, आतील भंग न जुळण्याचे कारण रक्तपुरवठ्यात शोधणारे इंग्लिश शल्यचिकित्सक अ‍ॅस्टली कूपर (1822) यांचे विवेचन मात्र आजही पायाभूत आहे. भंग किती सरकला यावर आधारलेले, सध्या रूढ असलेले चार टप्प्यांचे वर्गीकरण गार्डन यांचे (1961).

कृत्रिम सांध्याचा आरंभ वादग्रस्त आहे. बर्लिनचे शल्यचिकित्सक थेमिस्टोक्लीस ग्लुक यांनी 1890 च्या सुमारास हस्तिदंती सांधे बसवले. काही लेखक त्यांनाच खुब्याच्या सांधेरोपणाचे जनक म्हणतात. परंतु त्यांचे रुग्ण बहुतांशी क्षयाने सांधे नासलेले होते व जंतुसंसर्गामुळे ते रोपण टिकले नाही, त्यामुळे आजच्या पद्धतीशी त्याचा थेट धागा जोडणे कठीण आहे. अमेरिकेतील स्मिथ-पीटरसन यांनी 1923 मध्ये काचेची टोपीसारखी वाटी गोळ्यावर बसवली. ग्रीवा सांधणारा तीन पाती असलेला खिळाही (1931) त्यांचाच. फिलिप वाइल्स यांनी लंडनमध्ये 1938 मध्ये पोलादाची वाटी (गोळा ज्यात फिरतो ती खोबण) व गोळा दोन्ही बसवले. अमेरिकेतील ऑस्टिन मूर व हॅरल्ड बोलमन यांनी 1940 मध्ये अर्बुदग्रस्त (हाडात गाठ झालेल्या) रुग्णास ऊर्वस्थीचा धातूचा वरचा भाग बसवला; पुढे मूर यांच्या नावाचा गोळा ग्रीवाभंगासाठी भारतातही फार वापरला गेला. सांधेरोपण भरवशाचे केले ते इंग्लंडमधील राइटिंग्टन येथील जॉन चार्नली यांनी. त्यांची टेफ्लॉनची वाटी झिजून निकामी झाली. नोव्हेंबर 1962 पासून त्यांनी पॉलिएथिलीनची (एका प्लॅस्टिकची) वाटी, लहान धातूचा गोळा आणि अस्थिसिमेंट (कृत्रिम भाग हाडात घट्ट बसवणारा लगदा) यांची सांगड घातली. नव्या शोधाचा मान ग्लुक यांना दिला, तरी प्रस्थापनेचा चार्नली यांचाच मानावा लागतो.

न सरकलेला भंग वयोवृद्धांतही स्क्रूंनी स्थिर करतात. सरकलेल्या भंगात तरुणांचा गोळा वाचवण्याचा प्रयत्न होतो, वृद्धांत तो बदलणे श्रेयस्कर. अर्धा सांधा, म्हणजे फक्त गोळा (मूर, थॉम्पसन किंवा बायपोलर या प्रकारांचा) बदलावा की वाटीसह संपूर्ण, यावर मतभेद आहेत. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या बहुराष्ट्रीय चाचणीत दोन वर्षांतील फेरशस्त्रक्रियांच्या प्रमाणात ठळक फरक आढळला नाही. तरीही हिंडत्या-फिरत्या, संधिवात असलेल्या रुग्णास संपूर्ण सांधा देण्याकडे कल आहे. सांधा निखळू नये म्हणून उकिडवे बसणे सहसा वर्ज्य करतात. जमिनीवर बसण्या-उठण्याची सवय असलेल्या आपल्या घरांत ही अट मोठी ठरते आणि शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णाला व कुटुंबाला सांगायला हवी.

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धास शय्याव्रण, न्यूमोनिया व रक्तगुठळ्या यांचा धोका असतो. पहिल्या वर्षातील मृत्यूंचे प्रमाण अनेक देशांत 20 ते 30 टक्क्यांच्या आसपास नोंदले गेले आहे. म्हणून प्रकृती साथ देत असेल तर एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया करून दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उभे करतात. अस्थिशल्यचिकित्सक आणि वृद्धवैद्यक यांनी एकाच कक्षात मिळून उपचार करण्याची पद्धत इंग्लंडमध्ये हेस्टिंग्ज येथे मायकेल डेव्हास यांच्या पुढाकाराने रुजली. एक खुबा मोडलेल्यांचा दुसराही मोडण्याचा संभव वाढतो, त्यामुळे ठिसूळपणावरील औषधे व ‘ड’ जीवनसत्त्व हा याच उपचाराचा भाग आहे.