यकृत कर्करोग (प्रगत) : संयुक्त केमोथेरपी व औषधरोध

यकृतपेशींपासून उद्भवलेला आणि शस्त्रक्रियेच्या आवाक्याबाहेर गेलेला कर्करोग काबूत ठेवण्यासाठी दोन वा अधिक पेशीघातक औषधे एकत्र देण्याची पद्धत. पेशींनी या औषधांना दाद न देणे म्हणजे औषधरोध.

सुरुवात डॉक्सोरुबिसिन या लाल रंगाच्या एकाच औषधाने झाली. १९७५ च्या सुमारास युगांडातून आलेल्या अहवालात मोजक्याच रुग्णांच्या पाहणीतून फार चांगला परिणाम नोंदला गेला. पुढे तसा तो कुठेच आढळला नाही. हाँगकाँगमधील १९८८ च्या चाचणीत औषध घेतलेल्यांचा मध्यक जीवनकाल (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) १०.६ आठवडे, न घेतलेल्यांचा ७.५ आठवडे भरला; मात्र सुमारे चौथाई रुग्णांत जंतुदोष वा हृदयावरील दुष्परिणाम जीवघेणे ठरले. हाती आठवडेच उरले असताना ही किंमत फार मोठी होय.

सिस्प्लॅटिन, इंटरफेरॉन, डॉक्सोरुबिसिन व फ्ल्युओरोयुरॅसिल यांच्या मिश्रणाने (२००५, १८८ रुग्ण) गाठी आकसण्याचे प्रमाण एकट्या डॉक्सोरुबिसिनच्या १०.५ वरून २०.९ टक्क्यांवर गेले, पण आयुष्य वाढल्याचे सिद्ध झाले नाही. ऑक्झॅलिप्लॅटिनयुक्त मिश्रणाने (२०१३) मध्यक जीवनकाल ६.४ महिने, तर एकट्या डॉक्सोरुबिसिनने सुमारे ५ महिने मिळाला. हा फरकही मूळ विश्लेषणात निर्णायक ठरला नाही.

औषधरोध उपजत की उपचारांमुळे उपार्जित, यावर मतभेद आहेत. पहिल्याच मात्रेपासून दिसणारे अपयश पाहता उपजत कारणांकडे झुकणारे मत अधिक ग्राह्य वाटते. निरोगी यकृतपेशीच्या पित्ताकडील पटलावर पी-ग्लायकोप्रथिन असते. परकी द्रव्ये पेशीतून उपसून पित्तात टाकणे हे त्याचे नित्याचे काम. १९७६ मध्ये ते प्रथम ओळखले गेले ते मात्र यकृतात नव्हे, तर औषधाला न बधणाऱ्या हॅमस्टरच्या पेशींत. कर्कपेशी हाच पंप वापरून डॉक्सोरुबिसिन बाहेर टाकते. फ्ल्युओरोयुरॅसिलचे विघटन करणारे विकरही यकृतात मुबलक असते. ग्लुटाथायोन हे पेशीतील संरक्षक द्रव्य सिस्प्लॅटिनला बांधून निष्क्रिय करते. शिवाय पी-५३ जनुक बिघडले असल्यास इजा होऊनही पेशी मरत नाही. व्हेरापामिल या हृदयविकारावरील औषधासारख्या द्रव्यांनी पंप रोखण्याचे प्रयत्न प्रयोगशाळेत साधले, रुग्णांत फारसे साधले नाहीत. निरोगी ऊतींतही हाच पंप असल्याने विषाक्तता वाढते, हे त्याचे एक कारण मानले जाते.

औषधरोधाइतकाच अडसर सिरोसिसचा, म्हणजे व्रण पडून यकृत कठीण होण्याचा. डॉक्सोरुबिसिन मुख्यतः पित्तावाटे उत्सर्जित होते. त्यामुळे बिलिरुबिन (यकृत बिघडले की रक्तात साचणारे पित्तरंजक) वाढले की मात्रा घटवावी लागते, म्हणजे जिथे पेशी चिवट तिथेच औषध कमी पडते.

२००८ नंतर सोराफेनिब (कर्कपेशींच्या वाढीचे संकेत रोखणारी गोळी) व पुढे प्रतिकारशक्तीवर आधारित औषधे आल्याने शिरेवाटे दिली जाणारी संयुक्त केमोथेरपी मागे पडली. यकृत धमनीतून थेट औषध सोडण्याच्या पद्धतीने मात्र, विशेषतः द्वारशिरेत (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेत) रोग शिरला असता, चीनमधील काही चाचण्यांत सोराफेनिबपेक्षा चांगले परिणाम दिले. त्या चाचण्यांतील बहुतेक रुग्ण हिपॅटायटिस-बी बाधित होते. मद्यजन्य वा मेदजन्य सिरोसिसमधून उद्भवलेल्या रोगाला ते निष्कर्ष लावण्यास आधार अपुरा आहे.