ढालकिडे : छायाचित्रण आणि ओळख (कोल्हापूर परिसर)

ढालकिडा, म्हणजेच लेडीबर्ड, हा कॉक्सिनेलिडी कुळातला घुमटाकार पाठीचा छोटा भुंगेरा. या कुळात जगभरात सुमारे ६,००० जाती आहेत. त्यांतल्या बहुतेकांचे प्रौढ आणि अळ्या मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड यांच्यावर जगतात. म्हणून जिथे मावा, तिथे ढालकिडा शोधावा.

कोल्हापूरच्या रानात त्यासाठी लांब जावे लागत नाही. चवळीच्या शेंगांवरचा काळा मावा, मक्याचे आणि ज्वारीचे पोंगे, बांधावरची रुई एवढे पाहिले तरी पुरते. नवशिक्याने रुईपासूनच सुरुवात करावी. तिच्या कोवळ्या शेंड्यावर पिवळाधमक मावा दाटलेला असतो आणि पुष्कळदा एकाच फांदीवर उभ्या पिवळ्या अंड्यांचा पुंजका, अळी, शेपटाकडून पानाला चिकटलेला कोष आणि प्रौढ असे सगळे टप्पे सापडतात. अळी काळपट, लांबट, मगरीसारखी दिसते. तिला कीड समजून फवारणी केली जाते, हे फार वाईट होते, कारण मावा खाण्यात ती प्रौढाच्या मागे नसते. २००२ मध्ये पश्चिम महाराष्ट्रातल्या उसावर पांढऱ्या लोकरी माव्याचा उद्रेक झाला, तेव्हा डिफा आणि मायक्रोमस या भक्षक कीटकांनी तो आवरायला मोठी मदत केली. त्याच माव्यावर सायनोनिका ग्रँडिस हा एक सेंटिमीटरहून मोठा ढालकिडाही जगतो.

ठिपके मोजून जात ठरवायला गेले की हमखास फसगत होते. शेतात सर्रास आढळणाऱ्या चायलोमेनेस सेक्समॅक्युलाटाच्या पाठीवर नागमोडी काळ्या रेषा असतात, पण काहींत त्या तुटून नुसते ठिपके उरतात. कॉक्सिनेला ट्रान्सव्हर्सॅलिसच्या पाठीवर मधोमध काळी उभी रेघ आणि आडवे पट्टे असतात. मायक्रॅस्पिस डिस्कलर नारिंगी, बिनठिपक्यांचा, फक्त मधल्या शिवणीवर काळी रेघ असलेला. इलेइस सिंक्टा पिवळा असून डोक्यामागच्या फिकट ढालीवर दोन काळे ठिपके असतात. तो मावा खात नाही, भुरी रोगाची बुरशी खातो. त्यात आणखी एक गोंधळ म्हणजे कोषातून नुकताच बाहेर पडलेला कोणताही ढालकिडा फिकट आणि बिनठिपक्यांचा असू शकतो. रंग भरायला काही तास जातात. म्हणून पाठीइतकेच डोके आणि त्यामागची ढाल नीट पाहावी.

वांग्यावरचा हेनोसेपिलॅक्ना हा ढालकिडा मात्र मित्र नव्हे. त्याच्या पाठीवर झिलई नसते, बारीक लव असते. अळी पिवळसर आणि अंगभर फाटे फुटलेल्या काट्यांची. दोघेही पानाचा हिरवा भाग खरवडून नुसती जाळी ठेवतात. म्हणजे कीटक कोणत्या झाडावर आणि काय करत होता, ही माहिती ओळखीचा अर्धा पुरावा असते. एक फोटो झाडाचाही काढावा, हा सल्ला त्यामुळेच.

फोटोसाठी सकाळची गार वेळ उत्तम. तेव्हा किडा मंद असतो. मोबाईलवर जवळचे मोठे दाखवणारी चिमट्याची मॅक्रो लेन्स लावली तरी चांगले काम होते. मोठी अडचण चकाकत्या पाठीची: फ्लॅशचा पांढरा डाग नेमका खुणांवर बसतो. फ्लॅशसमोर ट्रेसिंग पेपर धरला की उजेड पसरतो आणि डाग विरतो. किडा पानाआड सरकला तर पलीकडून हाताची सावली दाखवावी, बहुधा तो अलीकडे येतो. वरून, बाजूने आणि समोरून असे तिन्ही फोटो हवेत. बोट लावले की तो पाय आखडून खाली पडतो, पायांच्या सांध्यांतून पिवळा कडवट द्रव सोडतो. फोटोसाठी त्याला फ्रीजमध्ये गारठवणे तर टाळावेच.

तारीख, ठिकाण आणि झाडासह ही नोंद आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकता येते. तिथला संगणक नाव सुचवतो, पण त्याचे पहिले उत्तर डोळे मिटून स्वीकारू नये. दोन-तीन मिलिमीटरच्या तपकिरी स्किम्नस ढालकिड्यांची जात तर फोटोवरून सहसा ठरतच नाही. त्यासाठी नराचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागते. अशा वेळी नोंद प्रजातीच्या (जीनसच्या) नावावरच, म्हणजे नुसत्या ‘स्किम्नस’वर थांबवावी.