पीकवनस्पतींचे शास्त्रीय नामकरण (नाशिक जिल्हा)

पीक आणि त्याचा रानटी पूर्वज यांना नावे देताना जाती, उपजाती व वाण असे स्तर लागतात. पहिल्या दोघांचे नियम वनस्पतिनामकरणाच्या संहितेत आहेत. वाणांची संहिता वेगळी असून ती प्रथम १९५३ मध्ये निघाली.

इगतपुरी, पेठ, सुरगाणा भागातील नागली हे चांगले उदाहरण. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५९ मध्ये तिला सायनोसुरस वंशात घातले, दुसरा वनस्पतिशास्त्रज्ञ गर्टनर याने १७८८ मध्ये एल्युसाइन वंशात नेले. म्हणून एल्युसाइन कोराकाना या नावापुढे लिनीअसचे नाव कंसात व गर्टनरचे कंसाबाहेर येते. आफ्रिकेतील तिच्या पूर्वजाशी तिचा सहज संकर होतो, त्यामुळे दोघींची जाती एकच: पिकाची उपजाती कोराकाना, रानटीची आफ्रिकाना. पिकाच्या उपजातीचे नाव जातीच्या नावाचीच पुनरुक्ती असल्याने तिच्यापुढे कर्त्याचे, म्हणजे नाव देणाऱ्या शास्त्रज्ञाचे, नाव लावत नाहीत. याद्यांत ते लावण्याची चूक हमखास आढळते. रानटीचे दाणे पिकताच गळतात, पिकाचे कणसात टिकतात. शेतातले तण एल्युसाइन इंडिका मात्र वेगळी जाती आहे. तिची गुणसूत्रे १८, नागलीची ३६. रोपे सारखीच दिसतात, तेव्हा कणीस येण्याआधी नाव देऊ नये.

टोमॅटो लिनीअसच्या सोलॅनम वंशातून लायकोपर्सिकॉनमध्ये गेला आणि डीएनए अभ्यासानंतर परत आला. जुनी बियाण्याची कागदपत्रे वाचताना हे ध्यानात ठेवावे. त्याचा पूर्वज सोलॅनम पिंपिनेलिफोलियम स्वतंत्र जाती मानतात. कांद्याचा (ॲलियम सेपा) थेट पूर्वज रानात सापडलेला नाही. ॲलियम वाविलोवाय हा जवळचा नातलग, पूर्वज नव्हे. कांद्याचा वाळवून जपायचा नमुना करताना फुलांचा गोंडा घ्यावा व गड्डा उभा चिरावा. अखंड गड्डा दाबपट्टीतही (नमुना दाबून वाळवण्याच्या चौकटीत) कोंब धरतो किंवा सडतो.

द्राक्षबागेत घोटाळा अधिक, कारण एकाच वेलाला दोन नावे असतात. वर व्हायटिस व्हिनिफेरा, उदा. ‘थॉम्पसन सीडलेस’, खाली खुंट (ज्यावर कलम बांधतात तो मुळांचा भाग) ‘डॉगरिज’, म्हणजे व्हायटिस चॅम्पिनाय. कलमाच्या जोडाखालून फुटलेल्या फांदीचा नमुना घेतला की नाव खुंटाचे निघते. चिठ्ठीवर दोन्ही लिहावीत. वाणाचे नाव एकेरी अवतरणात, सरळ अक्षरांत देतात. १९५९ पासून नव्या वाणाला लॅटिन धाटणीचे नाव चालत नाही. व्यापारी मुद्रा म्हणजे वाणाचे नाव नव्हे. द्राक्षाचा पूर्वज सिल्व्हेस्ट्रिस ही उपजाती. सह्याद्रीतील रानद्राक्ष (ॲम्पेलोसिसस लॅटिफोलिया) केवळ त्याच कुलातले आहे.